चिमणीतून थेंब का पडतात आणि डेमिस्टर नीट कसा बसवावा

कापूस वेचणीला आलेला असताना आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका शेतात फुटलेल्या बोंडांवर मोहरीएवढे करडे ठिपके दिसू लागले. शेतमालकाने मला बांधावर बोलावून एक बोंड हातात दिले आणि विचारले, "भाऊ, पाणी नाही, आभाळ नाही, मंग कापसावर हे डाग कुठून आले?" डाग शेजारच्या तेलगिरणीच्या चिमणीतून आले होते. त्या गिरणीचा बॉयलर पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या कुटारापासून दाबून केलेल्या कांड्यांवर, म्हणजे बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात त्यावर चालतो. राख उडू नये म्हणून मालकाने बॉयलरमागे पाण्याचा स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारी टाकी, बसवला होता, आणि तो आपले काम बऱ्यापैकी करत होता. धुरातील राख पाण्यात उतरत होती. मात्र त्या राखेच्या पाण्याचे बारीक थेंब वायूबरोबर चिमणीत चढून वाऱ्याच्या दिशेने शेतात पडत होते. वायूतून असे थेंब वेगळे काढणाऱ्या उपकरणाला मिस्ट एलिमिनेटर आणि कारखान्याच्या बोलीत सरसकट डेमिस्टर म्हणतात. त्या गिरणीत तो बसवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मला ते दोनदा करावे लागले, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

आधी थेंब वर का जातात ते पाहू. स्थिर हवेत १ मिलिमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने खाली येतो, तर १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा थेंब सेकंदाला जेमतेम २५ सेंटिमीटर उतरतो. १० मायक्रॉनच्या थेंबाचा वेग तर सेकंदाला ३ मिलिमीटरच असतो. स्क्रबरच्या टाकीत वायू सेकंदाला अडीच मीटर वेगाने वर चढत असेल, तर साधारण ०.६ मिलिमीटरपेक्षा लहान असलेला प्रत्येक थेंब त्याच्याबरोबर वर जाणार, हे यावरून उघड होते. टाकी थोडीफार उंच केल्याने त्यात फरक पडत नाही. वायूच्या प्रत्येक घनमीटरमागे एकच ग्रॅम पाणी थेंबांच्या रूपाने जात आहे असे धरले, तरी ताशी १८,००० घनमीटर वायू सोडणाऱ्या स्क्रबरमधून ताशी १८ किलो, म्हणजे दिवसाला २०० लिटरचे दोन ड्रम भरून वर उरेल एवढे राखाळ पाणी शिवारावर शिंपडले जाते.

हे थेंब पकडण्याची युक्ती आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याने हिवाळ्यात पाहिलेली असते. धुवारी पडलेल्या सकाळी तुरीच्या झाडांमधली कोळ्यांची जाळी पाण्याच्या मण्यांनी भरलेली दिसतात. जाळ्यात भोकेच जास्त आणि धागा नावापुरता असतो, तरीही त्यावर पाणी साचते, कारण हवा धाग्याला वळसा घालून निघून जाते आणि हवेतला थेंब त्यावर आदळतो. घाटात एसटी झटकन वळली की उभा प्रवासी जसा सरळ रेषेत ढकलला जातो, तसेच जड थेंबाचे होते. त्याला वायूइतके चटकन वळता येत नाही. थोडे लहान थेंब वायूबरोबर वळतात, परंतु धाग्याच्या इतक्या जवळून जातात की त्यांची कड धाग्याला लागते आणि ते तिथेच चिकटतात. एका मायक्रॉनहून लहान कण मात्र वेगळ्याच रीतीने पकडावे लागतात. वायूच्या रेणूंचे धक्के खात ते वेडेवाकडे भरकटत असतात, आणि धाग्यांच्या दाट थरात त्यांना पुरेसा वेळ थांबवले तरच ते कुठे ना कुठे धाग्याला लागतात. धाग्यावर जमलेले थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पुरेसे जड झाले की वर येणाऱ्या वायूला न जुमानता खाली ठिबकतात. सगळा डेमिस्टर एवढ्या तत्त्वावर उभा आहे आणि त्यात फिरणारा एकही भाग नाही.

बाजारात त्याचे मुख्यत्वे तीन प्रकार मिळतात. पहिला तारेच्या विणलेल्या जाळीचा पॅड. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या तारेचे विणकाम एकावर एक रचून तो बहुधा १०० ते १५० मिलिमीटर जाडीचा करतात. त्यात ९७ टक्क्यांहून अधिक जागा मोकळी असते, तरी योग्य वेगाला ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचे बहुतेक थेंब तो अडवतो. दुसरा नागमोडी पात्यांचा, ज्याला व्हेन किंवा शेव्हरॉन म्हणतात. वायूला पात्यांमधून दोन-तीन वळणे घ्यावी लागतात आणि थेंब पात्यांवर आपटतात. साधारण ३० ते ४० मायक्रॉनच्या खालचे थेंब त्यातून निसटतात, मात्र घाण पाण्याने तो सहजासहजी तुंबत नाही. तिसरा प्रकार तंतूंच्या दाट थराच्या उभ्या नळ्यांचा असून त्यांना कँडल म्हणतात. त्या एका मायक्रॉनखालचे कणही पकडतात, म्हणून सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात शोषण मनोऱ्याच्या माथ्यावर त्या टांगलेल्या दिसतात. त्यांतून वायू फार संथ जावा लागतो आणि दाबही बराच खर्च होतो. आपल्या भागातील तेलगिरण्या, राइस मिल आणि लहान बॉयलर यांना त्यांची गरज सहसा पडत नाही.

इथे माझी पहिली चूक सांगितली पाहिजे. जाळीचा पॅड जास्त बारीक थेंब पकडतो एवढेच पाहून मी पहिल्या वेळी तो सुचवला. त्या स्क्रबरमध्ये राखेचे पाणी पुन्हा पुन्हा फिरवले जात होते आणि भर म्हणून बोअरचे जड, क्षारयुक्त पाणी टाकले जात होते. दीड महिन्यात राख आणि क्षार मिळून जाळीत सिमेंटसारखा थर बसला, वायूला वाट उरली नाही, आणि पॅडचा एक तुकडा खालच्या दाबाने उचलला जाऊन तिरपा उभा राहिला. त्या भगदाडातून पूर्वीपेक्षा मोठे थेंब जाऊ लागले. पॅडला वरून धरून ठेवणारी पट्ट्यांची चौकट, म्हणजे वरची ग्रिड, साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेने बांधली होती आणि ती तार गंजून तुटली होती, हे टाकी उघडल्यावर कळले. वायूबरोबर घन कण किंवा बसणारा क्षार येत असेल तर जाळीची बारकाई कितीही मोहक वाटली तरी तो मोह आवरावा आणि धुता येणारी पाती घ्यावीत, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. स्वच्छ पाण्याची वाफ किंवा स्वच्छ द्रावण असेल तर मात्र जाळीइतका स्वस्त आणि चोख पर्याय दुसरा नाही.

आकार किती घ्यावा याचा हिशेब वायूच्या वेगावर ठरतो. अमेरिकेतील मॉट साउडर्स आणि जॉर्ज ब्राउन यांनी १९३४ मध्ये ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांसाठी मांडलेले सूत्र आजही इथे वापरतात. द्रवाच्या घनतेतून वायूची घनता वजा करायची, आलेल्या संख्येला वायूच्या घनतेने भागायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि उपकरणाच्या गुणांकाने गुणायचे. जाळीच्या आडव्या पॅडसाठी हा गुणांक सेकंदाला सुमारे ०.१०७ मीटर धरतात. आमच्या वायूची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलो आणि पाण्याची ९९० धरली, तर वर्गमूळ जवळपास ३० येते आणि वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३.२ मीटर ठरते. या मर्यादेला खेटून चालवायचे नाही. ७५ ते ८० टक्क्यांवर, म्हणजे अडीच मीटरच्या आसपास थांबायचे. ताशी १८,००० घनमीटर म्हणजे सेकंदाला ५ घनमीटर वायूला त्या वेगाने २ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे टाकीचा व्यास सुमारे १.६ मीटर हवा. वेग याहून बराच वाढला की पकडलेले पाणी खाली ठिबकण्याऐवजी वायूच ते ओरबाडून पुन्हा वर नेतो. वेग फार कमी झाला तर तेही वाईट, कारण संथ वायूबरोबर थेंबही निवांत वळसा घालतात. मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांखाली जाळीची कार्यक्षमता घसरू लागते. म्हणून "मोठा घेतला म्हणजे चांगला" हा हिशेब येथे चालत नाही. पात्यांना गुणांक थोडा जास्त मिळतो, पण पात्यांचे संच चौकोनी असतात आणि टाकी गोल, त्यामुळे कडेला उरणाऱ्या चंद्रकोरी जागा पत्र्याने बंद कराव्या लागतात. हिशेब त्या जागा वगळूनच करावा.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळतो, कारण चांगला डेमिस्टर निकामी होतो तो बहुधा इथेच. टाकीच्या आतल्या बाजूला ४० मिलिमीटरच्या आसपास रुंदीची पट्टी वेल्ड करून सपोर्ट रिंग करतात आणि पॅड किंवा पात्यांचे संच तिच्यावर टेकतात. ती रिंग सपाट आणि समपातळीत हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतो, तशीच आम्ही टाकीत आठ ठिकाणी काढली आणि एका बाजूला १२ मिलिमीटरचा उतार सापडला. जाळी थोडा उतार सोसते. पात्यांचे पाणी मात्र उताराच्या बाजूला धावते, तिथला ड्रेन, म्हणजे पाणी खाली नेणारी वाट, ओसंडतो आणि त्याच कोपऱ्यातून थेंब पुन्हा उडू लागतात, म्हणून रिंग घासून आणि पट्ट्या घालून आम्ही ती सरळ केली.

पॅड एकसंध येत नाही. मॅनहोल जेमतेम हातभर रुंद असते, म्हणून १.६ मीटरचा पॅड सुमारे ३२० मिलिमीटर रुंदीच्या पाच तुकड्यांत येतो. हे तुकडे मापापेक्षा किंचित मोठे कापलेले असतात आणि ते दाबून बसवायचे असतात. फिटरला तुकडा घट्ट वाटला की त्याचा हात कटरकडे जातो. तो हात वेळीच धरावा लागतो. समजा प्रत्येक जोडावर १० मिलिमीटरची फट राहिली, तर चार जोडांची लांबी मिळून साधारण पावणेसहा मीटर होते आणि फटींचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या तीन टक्क्यांच्याही आत राहते. हे क्षुल्लक वाटते. परंतु जाळीत वायूला अडथळा आहे आणि फटीत तो नाही, त्यामुळे वायू फटीतून जाळीच्या तिप्पट वेगाने सहज धावतो आणि ढोबळ हिशेबाने त्याचा जवळजवळ दहावा हिस्सा न गाळताच वर जातो. भिंतीलगतच्या फटीखाली निदान रिंगची पट्टी आडवी येते. जोडांखाली काहीच नसते. शेवटचा तुकडा मधला ठेवावा, दोन्ही बाजूंचे तुकडे हाताने दाबून धरावेत आणि तो वरून सरळ खाली बसवावा. सगळे बसल्यावर खाली हॅलोजन ठेवायचा नाही, साधी बॅटरी ठेवायची, वरच्या मॅनहोलचे तोंड गोणपाटाने झाकायचे आणि अंधारात वरून पाहायचे. जिथे प्रकाशाची रेघ दिसते तिथे फट आहे. आमच्या दुसऱ्या कामात पात्यांच्या संचाभोवती अशा दोन रेघा दिसल्या आणि दोन्ही कडेच्या पत्र्याला होत्या.

पॅडवर किंवा पात्यांवर पाय द्यायचा नाही. जाळी एकदा दबली की दबलेलीच राहते. काम करताना वर फळ्या टाकाव्यात आणि त्या ग्रिडच्या पट्ट्यांवर टेकवाव्यात. पॅड वरच्या आणि खालच्या ग्रिडमध्ये धरून स्टेनलेस तारेने किंवा हुक बोल्टने बांधावा. तारेची टोके आत मुडपावीत, नाहीतर पुढच्या वेळी उतरणाऱ्याच्या हाताला ती लागतात. पात्यांना दिशा असते: पाणी अडवणारे हुक वायूच्या येणाऱ्या बाजूला तोंड करून असतात, आणि संच उलटा बसला तरी तो रिंगवर अगदी छान बसतो. म्हणून संच मॅनहोलमधून आत घालण्यापूर्वीच त्यावर खडूने बाण काढून ठेवावा.

ड्रेनविषयी थोडे थांबून सांगतो, कारण चालू झाल्यानंतरच्या तक्रारींचे हे मूळ सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पात्यांनी किंवा कँडलनी अडवलेले पाणी नळीने खाली आणावे लागते. उपकरणात दाब खर्च होत असल्याने नळीच्या वरच्या टोकाला दाब कमी आणि खालच्या टोकाला जास्त असतो. नळी उघडीच सोडली तर पाणी खाली येण्याऐवजी वायू नळीतून वर घुसतो आणि साचलेले पाणी फवाऱ्यासारखे उडवतो. त्यासाठी नळीचे खालचे टोक पाण्यात बुडवून ठेवतात. बुडालेली उंची दाबातील फरकापेक्षा पुरेशी जास्त हवी: फरक पाण्याच्या २५ मिलिमीटर स्तंभाएवढा असेल तर आम्ही १५० मिलिमीटर बुडवतो. आम्लासारखा जड द्रव असेल तर कमी उंची पुरते, कारण पाण्याचा २५० मिलिमीटर दाब १.८ घनतेच्या आम्लाचा १४० मिलिमीटर स्तंभ तोलून धरतो. हे सगळे नकाशात बरोबर असूनही आमचा प्लांट पहिल्या दिवशी थेंब टाकत होता. नळीखालची वाटी चालू करण्याआधी पाण्याने भरायची असते आणि ती भरायला कुणी सांगितलेच नव्हते, मीसुद्धा नाही.

पात्यांना धुण्याचे फवारे लागतात. ते मुख्यतः खालच्या बाजूने, म्हणजे घाण वायू ज्या बाजूने येतो त्या बाजूने मारावे लागतात आणि एका फवाऱ्याचे वर्तुळ दुसऱ्यात थोडे शिरले पाहिजे, कारण मधे कोरडी राहिलेली जागा थर धरते आणि तो थर तिथून पसरत जातो. वरच्या बाजूने धुवायचे असेल तर भार कमी असताना धुवावे. एरवी धुण्याचेच पाणी चिमणीत जाते. फवाऱ्याला फिरवलेले राखेचे पाणी कदापि जोडू नये. कोळशावरच्या मोठ्या वीज केंद्रांत जिथे चुनखडीच्या ओल्या पद्धतीने सल्फर डायऑक्साइड काढतात, तिथेही पात्यांचे दोन-तीन थर असेच ठरावीक वेळाने ताज्या पाण्याने धुतात. लहान कारखान्यात पाणी वाचवण्याच्या नावाखाली आधी हेच पाणी बंद केले जाते, आणि उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या आमच्या भागात त्या मालकाला सरसकट दोष देणेही मला जमत नाही. आम्ही दर दोन तासांनी एक मिनिट असा टायमर लावून मधला मार्ग काढला.

पॉलिप्रॉपिलिनची पाती स्वस्त पडतात आणि गंजत नाहीत, पण ती साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर टिकत नाहीत. स्क्रबरचे पाणी अचानक बंद पडले आणि बॉयलरचा गरम धूर तसाच आला, तर ती वितळून खाली येतात. म्हणून पाण्याचा प्रवाह तुटला की पंखा बंद होईल अशी जोडणी करून घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा ती उघड्या यार्डात टाकून ठेवू नयेत, उन्हाने त्यांना बाक येतो. सर्वांत मोठा धोका वेल्डिंगचा आहे. टाकीत प्लास्टिकची पाती बसवल्यावर वरून पडलेली एक ठिणगी सगळी टाकी पेटवू शकते, म्हणून रिंग, बीम, नळ्या यांचे सारे वेल्डिंग आधी संपवावे आणि मगच पाती आत न्यावीत.

टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी वायूची नळी फक्त व्हॉल्व्हने बंद करून भागत नाही, तिच्यात ब्लाइंड प्लेट, म्हणजे वाट पूर्ण बंद करणारी भरीव तबकडी, घालावी लागते. दोन्ही मॅनहोल उघडून पंख्याने हवा खेळवावी आणि ऑक्सिजन मीटरने मोजावा. हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली असेल तर कुणीही उतरू नये. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६-अ नुसार अशा बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधने नसताना २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेता येत नव्हता, आणि ते बंधन पाळलेलेच बरे. हॅलोजन नको म्हटले ते यासाठीही. बाहेर एक माणूस केवळ आतल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी उभा असावा आणि त्याला चहा आणायला पाठवू नये.

दुसऱ्या वेळी पाती बसवून, वाटी भरून स्क्रबर चालू केला, तेव्हा मालक चिमणीकडे पाहत नाराजीने म्हणाले, "धूर तर अजून निघतोच आहे." तो धूर नव्हता. ओल्या वायूतली वाफ बाहेरच्या थंड हवेत निवून तिचे सूक्ष्म तुषार होतात आणि ते पांढरे दिसतात, आणि डेमिस्टर थेंब अडवतो, वाफ नाही. चिमणीपासून शंभर पावलांवर, वाऱ्याच्या दिशेला, आम्ही बांधावर दोन पांढऱ्या फरशा मांडून ठेवल्या होत्या. मालकांना त्या दाखवल्या, त्यांवर ठिपके नव्हते. पात्यांच्या खाली आणि वर नळ्या काढून पाणी भरलेली यू आकाराची काचनळी जोडली होती, आणि त्या सकाळी दोन्ही बाजूंच्या पाण्यात ११ मिलिमीटरचा फरक होता. ऑपरेटरने तो आकडा वहीत लिहिला आणि आकडा १६ झाला की धुण्याची वेळ दोन मिनिटांची करायची, अशी सूचना त्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवली.